एक कॉम्प्युटर, दोन सिस्टिम : घरच्या म्युझिक सर्व्हरचे आठ महिने

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी टीव्हीखालच्या कप्प्यात एक छोटा कॉम्प्युटर आहे. सेकंडहँड घेतलेला, इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम. त्याला यूएसबीने डॅक (डिजिटल फाइलचं अँप्लिफायरला चालेल अशा सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र) जोडलेला, डॅकपुढे अँप्लिफायर आणि दोन स्पीकर. शेजारी दोन टीबीची डिस्क. सीडींवरून उतरवलेलं सगळं गाणं तिच्यावर आहे, आणि बाबांच्या कॅसेटींमधलं जेवढं आजवर उतरवून झालं तेवढंही.

या कॅसेटींमुळेच मला एका मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम, विंडोज आणि लिनक्स, ठेवाव्या लागल्या. बाबांनी वर्षानुवर्षं रेडिओला डेक जोडून मैफली टेप केल्या. ग्वाल्हेर घराण्याचे गायक कृष्णराव शंकर पंडित, ज्यांना ते याच गावात समोर बसून ऐकत, ते १९८९ साली गेले. त्यांच्या नावाचं लेबल असलेली कॅसेट हातात घेताना आजही माझा हात जपूनच पडतो. टेपमधली खरखर कमी करायला मी पैसे देऊन घेतलेला प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालतो. म्हणून विंडोज काढून टाकणं शक्य नव्हतं. दुसरीकडे विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि सहाव्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. दिवसभर नेटवर्कवर चालू राहणारं मशीन तसंच ठेवायला मन धजेना. दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं की ऐकायला लिनक्स, कॅसेटींच्या कामाला विंडोज. कॅसेटींचं काम चालू असताना इंटरनेट बंद.

आधी डॅफाइल ही फक्त गाणं वाजवण्यासाठीची सिस्टिम वापरून पाहिली. ते जेंटू लिनक्सवर बांधलेलं आहे आणि पेनड्राइव्हवरूनच सुरू होतं. आतल्या डिस्कला हात न लावता दोन आठवडे ऐकलं आणि मनापासून आवडलं. फक्त गाणं ऐकायचं असेल तर तेच घ्या, पुढचा खटाटोप करूच नका. मला मात्र रोज रात्री सगळ्या संग्रहाची दुसऱ्या डिस्कवर प्रत हवी होती, आणि नव्या फायली आपोआप तपासल्या जायला हव्या होत्या. म्हणून शेवटी डेबियन १३ हा लिनक्सचा एक प्रकार टाकला, डेस्कटॉपशिवाय, आणि त्यावर लिरिअन म्युझिक सर्व्हर. हा सर्व्हर म्हणजे पूर्वीचा, स्क्वीझबॉक्स नावाच्या म्युझिक प्लेअरांसाठीचा लॉजिटेक मीडिया सर्व्हर. २०२४ मध्ये त्याचं नाव बदललं. प्रत्यक्ष वाजवण्याचं काम स्क्वीझलाइट नावाचा छोटासा प्रोग्रॅम करतो. फोनच्या ब्राउझरमधून सगळं चालतं.

डेबियनसाठी वेगळी एसएसडी आणली. इन्स्टॉल करण्याआधी झाकण उघडून, एक स्क्रू काढून विंडोजची एसएसडी बाहेर काढून ठेवली. हे मात्र प्रत्येकाला कळकळीने सांगेन. एकाच डिस्कचे तुकडे पाडून दोन सिस्टिम नांदवण्यापेक्षा दोन डिस्क घ्या, आणि एक टाकताना दुसरी काढून ठेवा. चुकीच्या डिस्कवर बोट पडण्याची भीतीच उरत नाही. नंतर कुठली सिस्टिम सुरू करायची ते मशीन चालू करताना बूट मेनूतून निवडायचं, बस.

या काळजीपूर्वक केलेल्या कामातूनच पहिला घोटाळा झाला.

सासूबाईंचा सकाळी सहाचा अलार्म मी लिरिअनमध्ये लावून दिला होता. त्यांना पहाटेचा राग लागतो, आणि वेळेबाहेरचा राग त्या ऐकत नाहीत. एका रात्री उशिरापर्यंत मी विंडोजवर एक कॅसेट साफ केली, अकराच्या सुमारास डेबियन सुरू केलं आणि झोपले. रात्री आमच्याकडे राउटर बंद असतो. साडेबाराला दिवाणखान्यातून ललतचा आलाप सुरू झाला, दोन्ही मध्यम स्वच्छ, भरपूर आवाजात. मी धावत बाहेर आले तर सासूबाई दारात उभ्या. "अगं, उजाडलं की काय? मग बाहेर एवढा अंधार कसा?"

कारण शोधायला दुसरा दिवस गेला. विंडोज मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं. लिनक्स तीच वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजून वाचतं आणि भारतासाठी वर साडेपाच तास मिळवतं. इंटरनेट असेल तर चूक लगेच दुरुस्त होते. राउटर बंद, त्यामुळे दुरुस्त करणारं कोणी नव्हतं. रात्रीच्या अकराला डेबियनच्या मते पहाटेचे साडेचार वाजले होते. इन्स्टॉल करताना विंडोजची डिस्क जागेवर नव्हती, त्यामुळे इथे दुसरी सिस्टिम आहे हे डेबियनला कळलंच नव्हतं. विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंगांच्या यादीत) 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' ही एक नोंद केली की तेही यूटीसी पाळतं. ती केल्यापासून घड्याळ एकदाही चुकलेलं नाही. पण सासूबाई अजून विचारतात, "आज पलीकडचं लावलं होतंस का गं?" विंडोजला त्यांचा शब्द 'पलीकडचं'.

आता ज्याबद्दल सगळे विचारतात ते, म्हणजे आवाज. लिनक्स टाकल्यावर पडदा उठल्यासारखा आवाज येतो असं मला दोघातिघांनी सांगितलं होतं. मी प्रामाणिकपणे सांगते, माझ्या कानांना तसा फरक ऐकू आला नाही, आणि यायचं कारणही नाही. सीडीचं गाणं ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. ते जसंच्या तसं डॅकपर्यंत गेलं तर कुठल्याही सिस्टिममधून तेच जाणार. विंडोजमध्ये साध्या सेटिंगवर सगळे आवाज एका मिक्सरमधून जातात आणि तिथे ठरवलेल्या एकाच दरात बदलले जातात. ते टाळायला एक्सक्लुझिव्ह मोड असतो, मी तो वापरतच होते. अडचण वेगळीच होती. त्या मोडमध्ये गाणं चालू असलं की बाकी कशालाच आवाज मिळत नाही. मुलीने व्हिडिओ लावला की ती माझ्याकडे तक्रार घेऊन येणार, मी मोड काढणार, आणि मग विलंबित ख्यालाच्या मधे कुठल्यातरी सूचनेचा टिंग वाजणार. हे रोजचं झालं होतं. आता त्या मशीनवर ब्राउझरच नाही, त्यामुळे टिंग वाजायला कोणी उरलेलं नाही.

आवाज खरंच न बदलता जातो का, हे लिनक्सवर डोळ्यांनी पाहता येतं. प्रोक फोल्डरमध्ये, साउंडकार्डाच्या नावाखाली, हार्डवेअर पॅरामीटर्सची एक छोटी फाइल असते. सीडीचं गाणं चालू असताना उघडली तर दर ४४१०० दिसतो. मी ९६ किलोहर्ट्झला उतरवलेली कॅसेट लावली की तिथे ९६०००. गाणं थांबवलं की फाइलमध्ये एकच शब्द उरतो, 'क्लोज्ड'. पहिल्या दिवशी मी बहुतेक अर्धा तास राग बदलत आणि ती फाइल बघत बसले होते. कानाला वाटणं आणि समोर आकडा दिसणं यातल्या दुसऱ्याने मला जास्त समाधान दिलं.

जानेवारीत एका सकाळी आवाजच येईना. फोनवर गाणं पुढे सरकतंय, मिनिटं मोजली जातायत, आणि स्पीकर गप्प. केबल बदलल्या, डॅक बंद-चालू केला. शेवटी लक्षात आलं की आदल्या रात्री वीज गेल्यानंतर मशीन पुन्हा सुरू झालं तेव्हा साउंडकार्डांचे क्रमांक बदलले होते. मी स्क्वीझलाइटला 'कार्ड एक' असं सांगितलं होतं, आणि आता एक नंबरला टीव्हीकडे जाणारं एचडीएमआय आलं होतं. टीव्ही बंद. क्रमांकाऐवजी डॅकचं नाव लिहून टाकलं, तेव्हापासून तो त्रास झालेला नाही. हे पहिल्याच दिवशी करा.

नावांचा प्रश्न मात्र आपल्या लिपीचा आहे, आणि त्यावर कुठे फार लिहिलेलं मला सापडलं नाही. माझ्या संग्रहात बडे गुलाम अली खाँ तीन वेळा येत होते. एक मराठी पद्धतीने 'बडे', ते समजलं. पण 'बड़े' दोनदा, आणि डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे! कॉम्प्युटर अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो त्या युनिकोडमध्ये नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ड़ दोन प्रकारे लिहिता येतो. एक सबंध अक्षर म्हणून, किंवा ड आणि त्यापुढे वेगळा नुक्ता. पडद्यावर एकच दिसतं, कॉम्प्युटरला मात्र ती दोन वेगळी नावं. ग्वाल्हेरच्या घरात अर्धे टॅग (फाइलमध्ये लिहिलेली गायकाची, गाण्याची नावं) हिंदी, अर्धे मराठी, शिवाय कीबोर्ड दोन-तीन तऱ्हेचे, त्यामुळे हे होणारच होतं. सगळे टॅग एकाच रूपात आणायची एक लहानशी स्क्रिप्ट लिहिली आणि तेवीस गायकांची जोडनावं मिटली. तुमच्याकडे देवनागरी टॅग असतील तर सिस्टिम कुठलीही असो, हे एकदा तपासाच.

दोन सिस्टिममध्ये फायली न्यायच्या कशा, यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. संगीताची डिस्क फक्त लिनक्सच्या ईएक्सटी४ या फॉरमॅटमध्ये ठेवली. एक्सफॅट हा फॉरमॅट दोन्हीकडे चालतो, पण त्यात जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेले बदल सावरायची नोंद, नसतं, आणि अचानक वीज जाणाऱ्या घरात मला ते नको होतं. विंडोजला ही डिस्क ओळखता येत नाही आणि ते फॉरमॅट करायची का असं विचारतं. म्हणून कॅसेटीला बसण्याआधी तिची यूएसबी वायर मी हाताने काढून ठेवते. साफ केलेली फ्लॅक (आवाज न बिघडवता लहान केलेली) फाइल विंडोजच्या एका फोल्डरमध्ये पडते. डेबियन सुरू झालं की तो फोल्डर फक्त वाचण्यापुरता उघडतं, प्रत्येक फाइल तपासतं आणि मग संग्रहात घेतं. फ्लॅकमध्ये मूळ आवाजाचा एमडी५, म्हणजे पडताळणीचा आकडा, आतच नोंदलेला असतो, त्यामुळे ही तपासणी खात्रीची. एक पथ्य आहे. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद हवं, नाहीतर 'शटडाउन' करूनही ते अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्सला त्या डिस्कवरचं जुनंच चित्र दिसण्याचा धोका असतो.

उन्हाळ्याचं थोडक्यात. मे महिन्यात बंद कप्प्यात बाहेरच्या डिस्कचं तापमान ५४ अंशांपर्यंत गेलं. कप्प्याचं मागचं प्लायवूड कापून काढलं, डिस्क आडवी होती ती मोकळ्या जागी ठेवली. आता ४६ च्या आसपास राहतं. मशीन छोट्या यूपीएसवर आहे. वीज वारंवार गेली तरी आठ महिन्यांत एकही फाइल खराब झालेली नाही.

सासूबाईंच्या फोनवर एक पान उघडतं, त्यावर त्यांचे आवडते गायक. आधी गाणं लावायला त्या मला किंवा नातीला हाक मारत. परवा दुपारी मी बँकेतून आले तर मालिनीताई राजूरकरांचा टप्पा चालू होता, आणि त्या डोळे मिटून मांडीवर ताल धरत होत्या. कोणी लावून दिलं नव्हतं. पूर्वी असं एकदाही झालं नव्हतं.

उणीव आहे, आणि ती मोठी आहे. एका वेळी एकच सिस्टिम चालते. नव्वद मिनिटांची कॅसेट नव्वद मिनिटंच घेते, २४ बिट ९६ किलोहर्ट्झला तीन जीबीच्या वर जागा घेते, आणि तेवढा वेळ घरात गाणं नसतं. यावर दुसरं स्वस्त मशीन हाच खरा उपाय. ते मी दिवाळीपर्यंत घेईन असं वाटतं. दोनशे दहापैकी एकसष्ट कॅसेटी झाल्या. बासष्टावी आत्ताच डेकमध्ये घातली आहे, पेन्सिलीने टेप ताणून. सासूबाईंना सांगून ठेवलंय, आज साडेनऊपर्यंत पलीकडचं चालू आहे.