क्रॅगसाइड की टाइंट्सफील्ड?

इंग्लंडमधली ही दोन्ही व्हिक्टोरियन घरं 1860 च्या दशकात आकाराला आली आणि आज दोन्ही नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहेत. पण पाहण्यासारखं काय, याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं.

नॉर्थम्बरलँडमधलं क्रॅगसाइड तोफा आणि हायड्रॉलिक यंत्रं बनवणाऱ्या विल्यम आर्मस्ट्राँगचं. 1869 पासून वास्तुविशारद नॉर्मन शॉनं ते वाढवलं. जगात जलविद्युतेवर उजळलेलं हे पहिलं घर, म्हणून ग्रंथालयात घाई करू नका. तिथले दिवे तांब्यावर मीनाकाम केलेल्या फुलदाण्यांवर बसवलेत. संशोधक जोसेफ स्वॉनचे विजेचे बल्ब 1880 मध्ये आले, तेव्हा बटण नव्हतं. फुलदाणीचं तांबंच वीज परत नेणारी तार, आणि फुलदाणीखालच्या बैठकीत वीज जोडणारा पारा. फुलदाणी उचलली की जोड तुटून दिवा विझे, ठेवली की पेटे. उघड्या पाऱ्यातून वीज खेळवायची, केवढी हिंमत! दिवाणखान्यातली संगमरवरी शेकोटी भव्य आहे, पण मला दिवेच मोठे वाटतात.

ब्रिस्टलजवळचं टाइंट्सफील्ड विल्यम गिब्जचं. पैसा पेरूच्या ग्वानोचा, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या खताचा. वास्तुविशारद जॉन नॉर्टननं घराला गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन चर्चसारखं रूप दिलं. चार पिढ्यांनी फारसं काही टाकलंच नाही, त्यामुळे 2002 मध्ये घराबरोबर हजारो वस्तूही ट्रस्टकडे आल्या.

यंत्रांची ओढ असेल तर क्रॅगसाइड, भरलेलं घर पाहायचं असेल तर टाइंट्सफील्ड.