दाताच्या वाढीचं मॉडेल: बायोप्रिंटर की हाताने?

दात कसा घडतो हे लॅबमध्ये पेशींवर बघायचंय आणि त्यासाठी बायोप्रिंटर (जिवंत पेशी आणि जेल ठरलेल्या जागी मांडणारा प्रिंटर) लागेलच का, असं कोणी विचारलं तर मी आधी एकच विचारते, तुमचा प्रश्न पेशी कुठे बसवल्यात यावर आहे की त्या एकमेकींना काय सिग्नल देतात यावर? दुसरा असेल तर प्रिंटरची घाई करूच नका.

दात बनतो दोन थरांच्या देवाणघेवाणीतून, वर एपिथेलियम (पेशींचं आवरण, यातूनच इनॅमल बनतं) आणि खाली मेसेन्काइम (आतल्या पेशी, यातून दाताचा आतला भाग बनतो). उंदराच्या गर्भात साधारण १२ व्या दिवसापर्यंत दात सुरू करायची ताकद एपिथेलियमकडे असते, मग ती मेसेन्काइमकडे जाते, आणि १४.५ व्या दिवशी कॅप अवस्थेत, म्हणजे दाताची कळी टोपीसारखी दिसते तेव्हा, इनॅमल नॉट ही एपिथेलियममधल्या पेशींची गाठ तयार झालेली असते, तिथून सॉनिक हेजहॉग, एफजीएफ वगैरे सिग्नल देणारी प्रोटीन्स सुटतात. म्हणजे पद्धत कुठलीही घ्या, हे दोन थर एकमेकांना चिकटून असायलाच हवेत.

गर्भातून अख्खं टूथ जर्म, म्हणजे दाताची कळी, काढून वाढवलं तर सगळं जागच्या जागी मिळतं, पण त्यात फारसे बदल करता येत नाहीत, आणि उंदराला दुधाचे दातही नसतात न उपदाढाही, त्यामुळे माणसाच्या दाताचे बरेच प्रश्न तिथे विचारताच येत नाहीत.

हाताने जुळवायची पद्धत मला सगळ्यात भरवशाची वाटते. २००७ मध्ये जपानमधल्या त्सुजींच्या टीमने उंदराच्या टूथ जर्ममधल्या पेशी सुट्या केल्या, कोलेजन जेलच्या थेंबात मेसेन्काइमच्या पेशींचा घट्ट गोळा सोडला आणि त्याला अगदी लागून एपिथेलियमचा, आणि त्यातून दात तयार झाला, २००९ मध्ये तर असं जर्म प्रौढ उंदराच्या जबड्यात लावल्यावर दात हिरडीतून वर आला! फक्त दाताचा आकार किंवा उंचवटे किती येतील हे हातात नसतं आणि प्रत्येक नमुना थोडा वेगळा निघतो.

इथेच प्रिंटरची खरी गरज पडते. एक्स्ट्रूजन प्रिंटर सिरिंजमधून अल्जिनेट, जेलएमए किंवा कोलेजन अशा जेलची रेघ ओढतो, रेघ साधारण शेकडो मायक्रॉन जाड, दोन नोझल असले की दोन थर शेजारी टाकता येतात. पण नोझल बारीक केली की पेशींवर ताण येतो, आणि बायोइंकमध्ये, म्हणजे पेशी मिसळलेल्या जेलमध्ये, पेशी पातळ पसरलेल्या असतात, जेव्हा की खऱ्या दातात मेसेन्काइम दाटीने गोळा होतं. २०११ मध्ये दिसलंय की नुसतं दाबून पेशी दाट केल्या तरी दात घडायला लागणारा पॅक्स९ जीन चालू होतो. म्हणून पातळ इंकऐवजी पेशींचे तयार गोळे प्रिंट करणं मला जास्त पटतं. डीएलपी, म्हणजे प्रकाशाने जेल गोठवणारा प्रिंटर, काही दहा मायक्रॉनपर्यंत बारीक काम करतो, पण दोन जातीच्या पेशींसाठी मधेच इंक बदला, धुवा, आणि नेमकी दोन थर भेटतात ती सीमाच बिघडू शकते. इंकजेटला फक्त पातळ इंक चालते, दाट पेशी म्हटलं की अडकतो, तो या कामाला नको.

मोठी अडचण मात्र प्रिंटरची नाहीच. माणसाच्या मेसेन्काइमसाठी पल्पच्या (दाताच्या आतल्या मऊ गराच्या) स्टेम सेल्स २००० पासून आणि दुधाच्या दाताच्या २००३ पासून माहीत आहेत, पण इनॅमल बनवणाऱ्या अॅमेलोब्लास्ट दात वर आला की नष्ट होतात, म्हणून एपिथेलियम आणायचं कुठून? आयपीएस सेल्सपासून (साध्या पेशी मागे नेऊन बनवलेल्या स्टेम सेल्सपासून) बनवा, त्याला वेळ लागतो. बरीच प्रिंट केलेली दाताची मॉडेल्स म्हणूनच फक्त डेंटिन (इनॅमलखालचा कठीण थर) आणि पल्पची असतात, दुरुस्ती अभ्यासायला छान, पण दात घडायची सुरुवात त्यात दिसत नाही.

थरांमधलं अंतर, जागेनुसार सिग्नलचा चढ-उतार, उंचवट्यांची मांडणी तपासायची असेल तर एक्स्ट्रूजन घ्या, आणि त्याच पेशी त्याच जेलमध्ये नुसत्या मिसळून कंट्रोल म्हणून नक्की ठेवा. आणि अलिझारिन रेडचा (कॅल्शियम दाखवणाऱ्या रंगाचा) लाल डाग दिसला म्हणून दात झाला असं धरू नका, ऑस्टिओजेनिक मीडियम (हाड बनायला चालना देणारं द्रव) दिलं तर एकट्या पल्पच्या पेशीही कॅल्शियम साठवतात, एका बाजूला मेसेन्काइममध्ये डीएसपीपी (डेंटिनची खूण) आणि समोर एपिथेलियममध्ये अॅमेलोजेनिन (इनॅमलची खूण) दिसतंय का ते बघा.