फोंड्याचा मेस्त्री, आमची हायब्रिड आणि दर पाचव्या दिवशी उतरणारी बॅटरी

चार स्टार. पाचवा का कापलाय तेही सांगतो, पण आधी काम काय केलं ते ऐका, कारण तीन महिने आणि जवळपास बारा हजार रुपये घालवून मला जे सापडलं नव्हतं ते या माणसाने एका सकाळी शोधलं, आणि त्यातला अर्धा वेळ तो नुसता बसून होता.

गॅरेज म्हणजे गोव्यात, फोंड्याहून खांडेपारच्या बाजूला जाताना लागणारी एक पत्र्याची शेड. बोर्ड नाही. नाव टाकू नको असं मेस्त्रीनेच बजावलंय, आहेत तीच कामं उरकत नाहीत म्हणतो, त्यामुळे टाकत नाही.

गाडी हायब्रिड एसयूव्ही, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी, दोन वर्षं जुनी. कंपनीचं नाव घेत नाही कारण शेवटी चूक कंपनीची निघालीच नाही. मी माशेलला राहतो, काम घरून, म्हणजे गाडी कधीकधी चार-चार दिवस हलत नाही. जूनच्या मध्यात एकदा पहाटे तीन वाजता बहिणीला आणायला मोपाला निघालो, स्टार्टचं बटण दाबलं आणि काहीच नाही. डॅशबोर्ड एकदा मिणमिणला आणि गेला. साध्या गाडीची बॅटरी उतरली की निदान सेल्फ कुरकुरतो, कळतं तरी. आमच्यासारख्या स्ट्राँग हायब्रिडला तो वेगळा सेल्फ नसतोच, त्यामुळे आवाज नाही, धक्का मारून चालू करायची सोय नाही, नुसतं मढं. शेजाऱ्याला उठवून त्याच्या अल्टोवरून जंप दिला, बहीण तोवर तासभर विमानतळावर ताटकळत होती आणि ते अजून ऐकवते.

लोकांना वाटतं (मलाही वाटायचं) की हायब्रिडमध्ये एवढी मोठी बॅटरी असते मग ही कशी उतरते. तर बॅटऱ्या दोन असतात. गाडी ओढणारी ती हाय व्होल्टेजची, नारिंगी केबलवाली, तिला आपण हात लावायचा नाही. आणि दुसरी साधी बारा व्होल्टची, आमच्या गाडीत ती मागे डिकीत उजव्या कोपऱ्यात आहे. गाडीचे सगळे कॉम्प्युटर ही छोटी उठवते, कॉम्प्युटर उठले की ते मोठ्या बॅटरीचे रिले, म्हणजे आतले स्विच, जोडतात, मग रेडीचा दिवा लागतो. छोटी मेली तर मोठी भरलेली असून उपयोग नाही, कणगी धान्याने भरलेली पण खोलीची किल्ली हरवलेली, तसलं. आणि छोटी चार्ज होते ती मोठीतून, पण फक्त गाडी रेडीत असताना. आमचे मेहुणे गाडीत बसून बटण एकदाच दाबून, ब्रेक न दाबता, तासभर भजनं ऐकतात, त्यांना वाटतं गाडी चालू आहे. ती चालू नसते, नुसती बॅटरी खात असते. हे मी त्यांना दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं.

पहिल्या वेळी सर्व्हिस सेंटरला नेली, त्यांनी मीटर लावला, बॅटरी वीक आहे म्हणाले, साडेनऊ हजारांची नवीन घातली. मी खूश. पाचव्या दिवशी परत तेच. परत नेली तर म्हणाले गाडी वापरत चला सर. मी म्हटलं वापरायलाच घेतलीय हो, पण चार दिवस उभी राहायला नको का? माझा मावसभाऊ टेक्सासला असतो, त्याचा हायब्रिड पिकअप ट्रक आहे, हा लांबलचक, आपल्या गल्लीत वळणारही नाही, त्यालाही हाच त्रास झाला होता. त्याचं कारण वेगळं निघालं, गाडीची चावी तो गॅरेजच्या भिंतीवरच्या खिळ्याला लावायचा, म्हणजे ट्रकपासून चार फुटांवर, आणि गाडी रात्रभर चावी आली चावी आली करत जागी. मी लगेच आमच्या दोन्ही चाव्या आतल्या खोलीत स्टीलच्या डब्यात ठेवल्या. काही फरक नाही. डॅशकॅमचा पार्किंग मोड (गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग करतो तो) बंद केला, मग डॅशकॅमच काढून टाकला. थोडा फरक. पण उन्हाचे दोन-तीन दिवस गेले की गाडी व्यवस्थित चालू व्हायची, आणि मला वाटायचं झालं बरं, आणि पावसाने झोडपलं की परत मेली. हे उन्हापावसाचं मी मेस्त्रीला सहज म्हणून सांगितलं, नंतर कळलं तेच सगळ्यात कामाचं होतं.

मधे एक अ‍ॅक्सेसरीवाल्याचं ऐकून बॅटरी कट ऑफ स्विच घेतला, साडेतीनशे रुपये, तो पितळी, निगेटिव्ह टर्मिनलला लावतात आणि नॉब फिरवला की बॅटरी सुटते. त्याचा पण रिव्ह्यू इथेच देऊन टाकतो, घेऊ नका, निदान डिकीत बॅटरी असलेल्यांनी. पहिल्याच रात्री नॉब फिरवला, समाधानाने डिकी लावली, आणि सकाळी लक्षात आलं की डिकीचं लॅच इलेक्ट्रिक आहे. करंट नाही तर डिकी उघडणार नाही, डिकी उघडली नाही तर नॉबपर्यंत पोचणार नाही. चावीच्या आत लोखंडी किल्ली लपवलेली असते तिने ड्रायव्हरचा दरवाजा उघडला, मागची सीट पाडली आणि रांगत डिकीत गेलो, वय वर्षं एकावन्न, बायको पोर्चमध्ये उभी राहून बघत होती. नंतर कळलं की जंप द्यायला पुढे बॉनेटखाली वेगळा पॉईंट दिलेला असतो, मॅन्युअलमध्ये चित्रासकट आहे. मॅन्युअल कोण वाचतंय.

तर मेस्त्री. ओळखीच्या एका टेम्पोवाल्याने पाठवलं. गाडी नेली तेव्हा सकाळचे साडेनऊ, हा चहात पाव बुडवून खात होता. सगळं ऐकून घेतलं, बॅटरीकडे बघितलंसुद्धा नाही, पहिला प्रश्न, ‘चावी खंय आसा?’ खिशात म्हटलं. ‘वच, त्या हॉटेलांत दवरून यो.’ रस्त्यापलीकडच्या हॉटेलात, गल्ल्यावर चावी ठेवून आलो. मग त्याने बॉनेट उघडला, डिकी उघडली, आणि दोन्हीची कुलपं स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद केल्यासारखी अडकवली, म्हणजे गाडीला वाटतं सगळं बंद आहे पण आपल्याला हात घालता येतो. निगेटिव्हच्या वायरीवर क्लॅम्प मीटर अडकवला. आकडा चारच्या आसपास, अँपिअर. मी घाबरलो. तो म्हणाला ‘गाडयेक निदूंक दी’ आणि स्टुलावर जाऊन बसला.

हे झोपणं मला नवीन होतं. गाडी लॉक केली तरी आतले कॉम्प्युटर लगेच बंद होत नाहीत, एकेक करून झोपतात, कुणाला दहा मिनिटं, कुणाला अर्धा तास, काही गाड्यांत त्याहून जास्त. सगळे झोपल्यावर जो आकडा राहतो तो खरा. तो साधारण तीस ते पन्नास मिली अँपिअरच्या आत पाहिजे, म्हणजे ०.०५ च्या खाली. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बहुतेक दोन मिनिटं मीटर लावून सोडून दिलं असणार, एवढ्यात काय कळणार. चारचा एक झाला, एकाचा अर्धा. आणि मी पाणी प्यायला मागचं दार उघडलं. सगळा आकडा परत वर. मेस्त्री काही बोलला नाही, फक्त स्टूल उचलून माझ्यासमोर ठेवलं आणि बस म्हणाला. परत अर्धा तास.

शेवटी आकडा ०.३८ वर येऊन थांबला आणि हलेना. कागदावर त्याने हिशोब करून दाखवला, ०.३८ गुणिले चोवीस, दिवसाला नऊ अँपिअर-तास. बॅटरी पंचेचाळीसची. पाच दिवसांत रिकामी, आणि चालू व्हायला लागणारं बळ त्याच्या आधीच संपतं. मी म्हटलं म्हणजे नवीन बॅटरी पण गेली? म्हणाला, ‘बॅटरी बरी आसा, कोण तरी तिचें रगत चोखता.’

आता मला वाटलं फ्यूज एकेक काढून बघेल, युट्यूबवर तसंच दाखवतात. त्याने काढलेच नाहीत. काढून परत घातला की झोपलेला कॉम्प्युटर जागा होतो आणि सगळं मोजमाप बिघडतं म्हणे. त्याऐवजी मीटर मिलीव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन टोकांना टेकवत गेला, फ्यूजमधून करंट जात असेल तर तिथे मिलीव्होल्टचा बारीक आकडा दिसतो, जात नसेल तर शून्य. पुढचा फ्यूज बॉक्स, डॅशबोर्डखालचा, डिकीतला. सगळीकडे जेमतेम काहीतरी, ०.३८ ची बेरीज कुठेच होईना. मी हिरमुसलो, तो उलट खूश. कारण फ्यूज बॉक्समधून जात नाही म्हणजे बॅटरीवरून कुणीतरी थेट वायर ओढलीय.

आणि ओढली होतीच. गेल्या दिवाळीत मी अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतला होता. बॅटरी डिकीतच म्हणून बसवणाऱ्याने तिथल्या तिथे टर्मिनलवरून लाल वायर घेतली, मधे स्वतःचा फ्यूज घातला आणि डबा स्टेपनीच्या बाजूला कार्पेटखाली ढकलला. मी तो विसरूनही गेलो होतो. कार्पेट उचललं तर त्याचा हिरवा दिवा चालू, स्टिरिओ बंद, गाडी लॉक, आणि हा दिवा मजेत पेटलेला. अ‍ॅम्पला एक बारीक वायर असते, स्टिरिओ चालू झाला की तिच्यावर बारा व्होल्ट येतात आणि अ‍ॅम्प उठतो, रिमोट वायर म्हणतात तिला. प्लग काढला तर आत सगळं हिरवट पांढरं साचलेलं, कायम करंट असलेली पिन आणि ही रिमोटची पिन शेजारी-शेजारी, आणि मधे त्या राडीचा पूल. अ‍ॅम्पला उठवायला करंट तो कितीसा लागतो, तेवढा त्या राडीतून जात होता.

मेस्त्रीने प्लग नाकाशी धरला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘गाडयेंतल्यान नुस्तें हाडटा तूं?’ म्हणजे गाडीतून मासे आणतोस का.

तेव्हा ट्यूब पेटली. ३१ मे. दुसऱ्या दिवसापासून दोन महिने मासेमारी बंदी, म्हणून मी मालीम जेटीवर जाऊन बांगडे आणले होते, दोन पिशव्या, आणि एक पिशवी डिकीत फुटली होती. वरून पुसलं, फिनेल मारलं, वास गेला, विषय संपला असं आपल्याला वाटलं. पाणी खाली झिरपून प्लगमध्ये गेलं, वाळलं, मीठ तिथेच राहिलं. जून लागला, हवा दमट झाली, मिठाने ओल धरली आणि करंट जायला लागला. चार दिवस ऊन पडलं की मीठ सुकायचं, अ‍ॅम्प झोपायचा, गाडी चालू व्हायची. तीन महिने मी ज्याला नशीब म्हणत होतो तो बांगडा होता.

जुना प्लग कापून नवीन लावला, जोडांवर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी प्लॅस्टिकची नळी) चढवलं, अ‍ॅम्प उचलून ड्रायव्हरच्या सीटखाली नेला. परत गाडी झोपवली, परत अर्धा तास. या वेळी क्लॅम्प काढून मीटर वायरीच्या मधे जोडला, बारीक आकडा नीट दिसतो म्हणून, पण आधी बाजूने मीटर जोडून मगच टर्मिनल सोडलं, नाहीतर करंट तुटतो आणि परत सगळे जागे. ०.०२८. बॅटरी मात्र एवढ्या वेळा खाली गेल्यामुळे थकली होती, ती त्याने रात्रभर चार्जरवर ठेवली, दुसऱ्या दिवशी लोड टेस्ट करून अजून चालेल म्हणाला. नवीन विकायचा प्रयत्नही नाही. सगळं मिळून अठराशे रुपये. आता दोन महिने झाले, चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, अकरा दिवस गावी होतो, आल्यावर पहिल्या बटणाला रेडी.

आता एक स्टार कशाचा. फोन उचलत नाही, सातदा केला. दोन दिवसांनी ये म्हणतो आणि गेलं की परत दोन दिवसांनी. बिल नाही, वहीच्या कागदावर आकडा लिहून देतो, जीपे मुलाच्या नंबरवर. बसायला ते एकच स्टूल, आणि त्यावर तो बसतो. सीटवर ग्रीसचा हात उमटवलाय, तो अजून गेला नाही. शिवाय दुपारी एक ते साडेतीन शेड बंद, तुमची गाडी उघडी पडलेली असो नाहीतर विमान सुटत असो, जेवण आणि झोप झाल्याशिवाय तो येत नाही.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, गाडीत बाहेरून काय काय बसवून घेतलंय ते सगळं आठवून जा, आणि दुसरी चावी घरी ठेवा. पर्समध्ये, बॅगेत, कुठेही असली तरी त्याला कळतं. बायकोच्या पर्समध्ये होती तर तिलाही पर्ससकट हॉटेलात पाठवलं, तिने तिथे मिरची भजी खाल्ली आणि त्या भजीला तिचे पाच स्टार आहेत.