खासदार निधी की आमदार निधी? अनुदानित शाळेच्या नजरेतून

मुंबईत अनुदानित शाळा चालवणाऱ्यांना पैशाचं गणित नव्यानं समजावायला नको. वेतनेतर अनुदान वीजबिल आणि पाणीपट्टीतच विरतं. संस्थेच्या गंगाजळीवर स्वच्छतागृहं बांधायची तर पुढची दहा वर्षं पत्रे गळत ठेवावे लागतील. मग कुणाच्या तरी निधीचं पत्र मिळवणं आलंच. आमच्या उपनगरातल्या शाळेत दोन्ही निधींतून कामं झाली आहेत.

कागदावर दोघांचीही रक्कम सारखीच, वर्षाला 5 कोटी. पण खासदाराचे 5 कोटी सहा विधानसभा मतदारसंघांत वाटले जातात, आमदाराचे एकाच. शिवाय मुंबईत शिक्षक आमदार, म्हणजे शिक्षकांनी विधान परिषदेवर निवडून दिलेला सदस्य, अशी एक सोय आहे. त्यांना आपल्याच स्टाफरूममधून मतं जातात, आणि विधान परिषदेच्या सदस्यालाही हा निधी असतोच. अनेक संस्थांना हे ऐनवेळी आठवतं.

खासदार निधीचे गुण नाकारू नयेत. वर्ष संपलं म्हणून पैसा परत जात नाही. त्यामुळे मार्चअखेरीला घाईघाईत फरशी बसवण्याचा प्रकार कमी. दोन वर्गखोल्या, प्रयोगशाळा असं भक्कम बांधकाम असेल तर मी आजही तिकडेच पाहायला सांगेन. अटी मात्र कडक आहेत. खासदार किंवा त्यांचे नातेवाईक विश्वस्त असलेल्या संस्थेला हा निधी चालत नाही. जिल्हा प्रशासनाशी करारनामा करावा लागतो, आणि भिंतीवर योजनेचा फलक कायमचा लागतो. फलकाबद्दल कुरकुरणारे भेटतात. मला त्याचं काही वाटत नाही.

मला खटकलं ते वेगळंच. दोन्ही निधींत पैसा शाळेच्या खात्यात येत नाही, तो कार्यान्वयीन यंत्रणेकडे, म्हणजे प्रत्यक्ष काम करून घेणाऱ्या सरकारी खात्याकडे किंवा संस्थेकडे जातो. कधी महापालिका, कधी सार्वजनिक बांधकाम विभाग, कधी म्हाडाचं मंडळ. आमच्या पहिल्या मजल्यावरची मुलींची स्वच्छतागृहं खासदार निधीतून झाली. यंत्रणेचं नाव घेत नाही. अंदाजपत्रक ठरावीक साच्यातलं होतं. भांडी, टाइल्स, दारं, सगळं त्यात होतं. गच्चीवरची टाकी आणि तिथून खाली येणारी पाइपलाइन तेवढी नव्हती. काम ‘पूर्ण’ झालं, फोटो निघाले, आणि मुली तळमजल्यावरून बादल्या भरून वर न्यायला लागल्या. शिपाईमामा दुपारी नुसते जिने चढत होते. टाकी वाढवायची तर सुधारित अंदाजपत्रक, त्यासाठी पुन्हा शिफारस, पुन्हा मान्यता. खासदारांचं कार्यालय सौजन्यानं बोलायचं, पण अधिवेशन सुरू असलं की पत्र दिल्लीहून परत येईपर्यंत थांबा. शेवटी पालकांकडून वर्गणी काढून टाकी बसवली.

तळमजल्याचं काम नंतर आमदार निधीतून झालं. तिथंही अंदाजपत्रकात खोट निघालीच: मलवाहिनीची जोडणी जुन्या चेंबरला दाखवली होती आणि ते चेंबर केव्हाच बुजलेलं. पण आमदारांचं कार्यालय दोन गल्ल्या सोडून आहे. मुख्याध्यापिका बाई सकाळी जाऊन बसल्या, दुपारी कनिष्ठ अभियंता शाळेत हजर. दुसऱ्या मतदारसंघात हेच घडेल असं मी म्हणणार नाही. आमदार बदलला की कार्यालयाचा स्वभावही बदलतो. तरी बांधकामात चूक निघणारच असेल, तर ती चालत जाऊन सांगता यावी, एवढं मला महत्त्वाचं वाटतं.

वेळेच्या बाबतीत दोघंही सारखेच बेभरवशाचे. मुंबईत शाळेला तोडफोड करायला एप्रिलचा उत्तरार्ध आणि मे एवढाच काळ मिळतो. जूनमध्ये पाऊस आणि पोरं एकदमच येतात. 2024 मध्ये लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि 6 जूनला उठली. ज्यांची मान्यता तोवर झाली नव्हती, त्यांची ती सुट्टी वाया गेली. म्हणून पत्र दिवाळीच्या आधी द्यावं.

तेव्हा छोटं, पाण्याशी संबंधित, सारखं बघावं लागणारं काम असेल तर आधी आमदाराकडे, तिथं नाहीच जमलं तर शिक्षक आमदाराकडे जावं असं माझं मत. आणि मागणीपत्रात नुसतं ‘स्वच्छतागृह बांधून मिळावे’ लिहू नका. ‘टाकी, मोटर, जलवाहिनी आणि मलवाहिनीच्या जोडणीसह’ असं लिहा, सोबत मिळकत पत्रिकेची प्रत जोडा, आणि अंदाजपत्रक मंजुरीला जाण्याआधी अभियंत्याला एकदा गच्चीवर नेऊन आणा.