दहा मिनिटांचा किराणा आणि न सापडलेला सांबार

भर मे महिन्यात, 44 अंशांच्या उन्हात पिशवी घेऊन बाहेर पडण्याची हिंमत न उरल्यामुळे, नागपूरच्या प्रतापनगर भागात नव्याने सुरू झालेले एक घरपोच किराणा ॲप आम्ही वापरू लागलो. दहा मिनिटांचे आश्वासन होते. आमच्याकडे सामान बहुधा बारा ते पंधरा मिनिटांत आले, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती जाहिरातीतील ‘क्रांती’ या शब्दाबद्दल.

तासाभरात सामान पोचवण्याची सेवा न्यूयॉर्कमध्ये ‘कोझ्मो’ने 1998 साली सुरू केली होती आणि 2001 मध्ये ती बंदही पडली, तेव्हा कल्पना नवी नाही. त्या वेळी नसलेल्या दोन गोष्टी आज आहेत, प्रत्येकाच्या खिशातला स्मार्टफोन आणि 2016 पासूनचे यूपीआय. पण त्यांपैकी एकही या कंपनीने निर्माण केलेली नाही. तिचे स्वतःचे म्हणावे असे काम गोदामात आहे: वस्तीलगत, ग्राहकांना प्रवेश नसलेले छोटे कोठार, ज्याला ‘डार्क स्टोअर’ म्हणतात, आणि कोणती वस्तू कोणत्या फळीवर ठेवली म्हणजे ती मिनिटाभरात पिशवीत पडेल याचा चोख हिशेब. हे कौशल्य मी मनापासून मान्य करतो.

मात्र शोधपट्टीत ‘सांबार’ लिहिले, तर मसाल्याची पाकिटे समोर येतात. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना सांगावे लागत नाही. नागपुरात धंदा करणाऱ्या यंत्रणेला ते अजून कळलेले नाही. शेवटी ‘कोथिंबीर’ लिहून मागवली, तर जुडीची पाने कडेने काळी पडलेली निघाली. पैसे परत मिळाले, पण वरणावर घालायला त्या दिवशी काही नव्हते.

बिलाकडेही नीट पाहावे. माझ्या एका ऑर्डरमध्ये वस्तूंची किंमत 146 रुपये होती. हाताळणी, घरपोच आकार आणि ऑर्डर लहान असल्याचा दंड (दुसरा शब्द मला सुचत नाही) धरून 193 रुपये मोजावे लागले. आमचे किराणावाले काका फोनवर यादी घेतात, पोराच्या हाती सामान पाठवतात, पन्नास ग्रॅम खसखस सुटी तोलून देतात आणि पैसे महिनाअखेरीस वहीवरून घेतात. त्यांचा पोरगा दीड तासाने येतो, हेही खरे.

म्हणून ॲप फोनमधून काढलेले नाही. रात्री दहाला दूध नासले किंवा पाहुणे अचानक दारात उभे राहिले, तर त्याच्यासारखी सोय दुसरी नाही, आणि तेवढ्यासाठी पाचपैकी तीन तारे. महिन्याची यादी पुन्हा काकांकडे जाऊ लागली आहे.