पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू आणि कार्डावर रेबीजची लस

एकूण ४१,३५० रुपये गेले. त्यातले २८,२०० त्या भामट्याच्या घशात आणि १३,१५० पिल्लाला वाचवण्यात. पिल्लू वाचलं नाही. हे चारचौघांत सांगायची लाज वाटते, माहेरी तर अजून खरा आकडा सांगितलेला नाही. तरी लिहितेय, कारण परवा त्याच माणसाची जाहिरात पुन्हा दिसली. सोनेरी लॅब्रेडॉरचा तोच फोटो, तीच हिरवळ, फक्त फोन नंबर नवा.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी, वाडीच्या अगदी टोकाला. नवरा जहाजावर, घरात मी, सासूबाई आणि शाळेत जाणारा मुलगा. मागे कलमांची बाग, तिथे वानरांचा उच्छाद. रात्रीचा बिबट्या येतो तो वेगळाच. कुत्रा घेतला तो मिरवायला नाही. "गावठी का नाही पाळलात?" हे मला आत्तापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, म्हणून आधीच सांगते. आमचा मोत्या गावठीच होता आणि तो बिबट्याने पडवीतून उचलून नेला. मुलाने तेव्हापासून धोशा लावला होता की आता घरात झोपणारा कुत्रा हवा. सासूबाईंचा तोल जातो, म्हणून अंगावर न जाणारा, शांत स्वभावाचा हवा होता. लॅब्रेडॉर ठरला तो असा. यात कुणाला हौसेपायी उधळपट्टी दिसत असेल तर दिसो.

पुढचा प्रकार तुम्ही शंभर वेळा ऐकला असेल. विकणारा घाटावरच्या एका मोठ्या शहरातला. बोलायला लाघवी, प्रत्येक वाक्याला "ताई". पिल्लाची किंमत १८,०००. "ताई, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे" म्हणून बुकिंगचे ५,००० लगेच. निघायच्या आदल्या दिवशी उरलेले १३,०००. मग ट्रॅव्हल्सच्या गाडीचं भाडं २,५००. मग पिंजऱ्याची अनामत ३,२००, "पिंजरा परत पाठवला की पैसे परत". पिल्लू पोचल्यावर केसीआयच्या, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या जातिवंतपणाच्या कागदांची फी म्हणून ४,५००. प्रत्येक वेळी रक्कम एवढीच की आधी भरलेले पैसे बुडू नयेत म्हणून माणूस भरतोच. आणि मी काही डोळे मिटून पैसे टाकले नव्हते. व्हिडिओ कॉल केला होता, पिल्लू दाखवायला लावलं होतं. आई दाखवा म्हटलं तर म्हणाला, "ती फिरायला गेलीये ताई, संध्याकाळी दाखवतो." संध्याकाळी एक व्हिडिओ आला. आता कळतं की तो कुठल्याही कुत्रीचा असू शकतो. आई दिसायला हवी ती पिल्लांना पाजताना आणि चालू कॉलवर. आलेल्या व्हिडिओवर एक रुपयाही सोडू नका.

खरा संताप येतो तो लसीच्या कार्डाचा.

पहाटे मुंबई-गोवा महामार्गावरच्या फाट्यावर गाडी आली. क्लीनरने खोका हातात दिला, वर रबराने बांधलेलं कार्ड, आणि गाडी गेली सुद्धा. मी रिक्षातच कार्ड उघडलं. नाव, जात, रंग, जन्मतारीख. तारखेवरून हिशेब केला तर पिल्लू पंचेचाळीस दिवसांचं. खाली औषधाच्या बाटलीवरून काढतात तसले तीन स्टिकर. दोन नऊ-एक लसीचे, म्हणजे अनेक आजारांवरच्या एकाच संयुक्त लसीचे, तिसरा रेबीजचा. प्रत्येकापुढे तारीख, प्रत्येकापुढे सही, शेवटी गोल शिक्का. मी बघितलं, "सगळ्या लशी झाल्यात" असं मनात म्हटलं आणि सासूबाईंनाही तेच सांगितलं.

पंचेचाळीस दिवसांच्या पिल्लाला रेबीजची लस! ती साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. पहिली संयुक्त लसच सहा ते आठ आठवड्यांत, त्यानंतर दर तीन-चार आठवड्यांनी एकेक, ती थेट सोळा आठवड्यांपर्यंत. पंचेचाळीस दिवसांत दोन डोस आणि वर रेबीज हे कुठल्याही गणितात बसत नाही. ते कार्ड माझ्या मांडीवर उघडं होतं. मुलाच्या लसीकरणाचं कार्ड मी अजून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय, कुठली लस कितव्या महिन्यात हे मला तोंडपाठ होतं. तरीही हे नजरेतून सुटलं. का सुटलं तेही सांगते. अर्धवट उजाडलेलं, खोक्यात पिल्लू कुंईकुंई करतंय, मुलगा शेजारी बसून बोट आत घालतोय, आणि कुत्र्याच्या लशीचं वेळापत्रक कुठली शाळा शिकवते? हे लोक नेमक्या याच अज्ञानावर जगतात. तिन्ही तारखा एकाच शाईत, एकाच हाताने, एकाच दमात लिहिलेल्या होत्या. तिन्ही सह्या एकसारख्या. शिक्क्यावर डॉक्टरचं नाव होतं, नोंदणी क्रमांक नव्हता. पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक नसलेला शिक्का म्हणजे रबराचा तुकडा, हे पाठ करून ठेवा.

दुसऱ्याच दिवशी पिल्लाने दूध टाकलं. मग उलट्या, मग रक्ताची पातळ हगवण. त्या वासाने ओटीवर उभं राहवेना. गाडी करून शहरातल्या खाजगी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विष्ठेची किटवर चाचणी केली, पार्वो निघाला, पिल्लांच्या आतड्यांचा जीवघेणा विषाणू. मग त्यांनी पिल्लाचा ओठ वर केला आणि मला जवळ बोलावलं. पुढचे सुळे टोकदार वर आलेले, मधले बारीक दात नुकते हिरडी फोडून डोकावत होते आणि मागे दाढांच्या जागी नुसती गुलाबी हिरडी. "हे महिन्याच्या आसपासचं आहे," ते म्हणाले. "हे अजून आईच्या अंगावर पाहिजे." म्हणजे वय खोटं, लशी खोट्या, कार्ड खोटं. आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मुळात कायद्यानेच बंदी आहे, कुत्र्यांच्या पैदाशीबाबतचे २०१७ चे नियम तेच सांगतात. त्याच नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. नोंदणीचा दाखला मागा. "मी घरगुती ब्रीडर आहे" म्हणाला तर फोन ठेवा.

सलाइन लावायला त्या काडीसारख्या पायात शीरच सापडत नव्हती. मुलाने नाव ठेवलं होतं टायगर. तो गेला.

विकणाऱ्याला फोन केला तर पहिला प्रश्न, "ताई, तुम्ही त्याला खायला काय घातलंत?" म्हणजे दोष आमचा! पार्वोची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला बहुधा तीन ते सात दिवस जातात. आमच्याकडे आल्यावर दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, म्हणजे आजार त्याच्याकडूनच आला. हे डॉक्टरांनी लिहून दिलंय. ते वाचून दाखवल्यावर त्याची भाषा फिरली, "विम्याचे ६,००० भरा, दुसरं पिल्लू फुकट पाठवतो." ते मी भरले नाहीत. त्यानंतर नंबर बंद. पिंजऱ्याच्या अनामतीचं आणि केसीआयच्या कागदांचं तर नावच नको. केसीआयवाल्या पिल्लाला कातडीखाली मायक्रोचिप असते, पंधरा आकडी नंबराची. आमच्या डॉक्टरांनी स्कॅनर फिरवला, काहीही निघालं नाही. पैसे देण्याआधी चिपचा नंबर घ्या आणि पिल्लू हातात आल्यावर आपल्या डॉक्टरांकडून स्कॅन करून तोच आहे का बघा.

आता सरकारी दारांबद्दल. पोलीस ठाण्यात मी रडत गेले नव्हते, सगळे स्क्रीनशॉट, पैसे भरल्याच्या पावत्या, कार्ड आणि डॉक्टरांचा कागद फाइलला लावून गेले होते. समोरचा माणूस म्हणाला, "कुत्र्यासाठी आलात?" मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. मग म्हणाले, "पिल्लू मिळालं ना तुम्हाला? मग फसवणूक कसली, दिवाणी मामला आहे." खोटं कार्ड दाखवून पैसे उकळणं ही फसवणूक नाही तर मग फसवणूक म्हणतात कशाला? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मी घरून वाचून गेले होते, तर "तुम्ही वकील आहात का?" पैसे ज्या खात्यात गेले ते खातं दुसऱ्या शहरातलं, म्हणून तिकडे जा म्हणाले. घाट चढून, म्हाताऱ्या सासूबाईंना शेजारणीच्या भरवशावर ठेवून, मी परक्या शहरात जाऊन तक्रार द्यायची? हद्द कुठलीही असली तरी गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावीच लागते, शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) का होईना. आता तर तसं कायद्यातच लिहिलंय. शेवटी साध्या अर्जावर पोच दिली. अर्जाचं पुढे काय झालं ते आजतागायत कोणी सांगितलेलं नाही.

बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. जनावरांच्या कार्यालयात सांगितलं, आम्ही गुरांचं बघतो. त्या माणसाची ब्रीडर म्हणून नोंदणी आहे की नाही, एवढा एकच प्रश्न मी विचारला होता. त्याचं उत्तर त्या कार्यालयात एकालाही देता आलं नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आणि दुसऱ्यावरून जेवणाच्या सुट्टीवर. आणि समजा उद्या प्राण्यांना क्रूरतेने वागवल्याचा गुन्हा लागलाच, तर १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! महिन्याचं पिल्लू आईपासून तोडून, आजारी असताना खोक्यात घालून रात्रभर गाडीच्या डिकीत पाठवायचं, आणि दंड पन्नास रुपये. माझ्याकडून एका पिल्लामागे त्याने २८,२०० काढले.

एक गोष्ट कोणीही वेळेवर सांगितली नाही, ती मी सांगते. फसवलं गेल्याचं कळताक्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. त्या खात्यातले पैसे पुढे सरकायच्या आत तक्रार गेली तरच ते अडवता येतात. मी पिल्लाच्या उशाशी बसले होते, तोवर वेळ गेली.

ज्यांच्या घरी पार्वो होऊन गेलाय त्यांनी लगेच दुसरं पिल्लू आणू नका. विषाणू फरशीत, मातीत महिनोन्‌महिने राहतो, फिनेलने मरत नाही, ब्लीचच लागतं. आमची ओटी ब्लीचने धुतली, पण अंगण मातीचं आहे, ते कसं धुणार? म्हणून मुलाला सध्या नाही म्हटलंय. पुढे आणू तो पुरत्या लशी झालेला, मोठा कुत्रा, गावठी असो की कुठलाही. आणि कोकणात राहणाऱ्यांनी कुत्र्याला लस देताना तिच्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) घटक आहे ना हे विचारून घ्याच. पावसाळ्यात उंदीर आणि साचलेलं पाणी दोन्ही आपल्या दारात असतं. त्या जाहिरातीत हस्कीही होते. आपल्या या घामट हवेत ते केसाळ जनावर आणून त्याचे हाल करू नका.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्यात ती करता येते, पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, वकील नसला तरी चालतो, मुदत दोन वर्षांची. नोटीस त्याच्या पत्त्यावरून परत आली, आता नवा पत्ता शोधायचा आहे. तुमच्याकडे याच माणसाचं कार्ड असेल, नोंदणी क्रमांक नसलेला गोल शिक्का आणि एकाच हातच्या तीन सह्या, तर ते फाडू नका. खोक्यावरची ट्रॅव्हल्सची पावती, पैसे गेले त्या खात्याचं नाव आणि पिल्लाच्या मृत्यूचा डॉक्टरांचा दाखला एकत्र ठेवा. एकाच माणसाने फसवलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि माझ्या एकटीच्या फाइलपेक्षा तशी चार कार्डं शेजारी शेजारी ठेवली तर तिथे कोणाला "पिल्लू मिळालं ना" म्हणता येणार नाही.