फक्त दोन वॉशर: ब्रेक ऑइलचं लिकेज काढल्यानंतरचे आठ महिने

माझ्या बाइकच्या पुढच्या डिस्क ब्रेकचं लिकेज काढून आता आठ महिने झाले आणि बँजो बोल्टपाशी (ऑइलची नळी ब्रेकला जोडणारा पोकळ बोल्ट) अजून एक थेंब दिसलेला नाही, म्हणून आता लिहितोय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर त्याला काही अर्थ नव्हता, कारण चार दिवस कोरडं राहून परत पाझरणं हे मी आधीच बघितलं होतं.

झालं असं की सर्व्हिसिंगमध्ये पुढचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) खोलून साफ केला, पॅड नवीन टाकले, ब्रेक ऑइल नवीन, डॉट ४ ग्रेडचं, भरलं. गाडी हातात आली तेव्हा ब्रेक मस्त लागत होता. दोन दिवसांनी सकाळी कॅलिपरवर, जिथे होज (ऑइलची नळी) येऊन बोल्टने बसतो तिथे ओलसर दिसलं. मला वाटलं लाइनमधली एअर (हवा) काढताना सांडलेलं असेल, पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी परत तेच, आणि यावेळी बोल्टच्या खालून बारीक ओघळ. मग सगळे करतात तेच केलं, पाना लावला आणि आवळला. बंद झालं! चार दिवस एकदम कोरडं, आणि पाचव्या दिवशी परत ओघळ, वर लिव्हर पण आधीपेक्षा जास्त आत यायला लागला. तिथे गाडी उभी केली ती काम होईपर्यंत हलवली नाही. हे मात्र कळकळीने सांगतो, पुढचा ब्रेक लिक असताना "जवळच तर जायचंय" म्हणून कोणी गाडी काढू नका. ऑइल कमी होऊन लाइनमध्ये हवा शिरली की लिव्हर हँडलला टेकतो आणि गाडी थांबत नाही.

बोल्ट खोलल्यावर सगळं कळलं. होजच्या टोकाला जे भोकाचं डोकं असतं त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तांब्याचा वॉशर असतो, ते दोन्ही जुनेच परत बसवलेले होते. एक उजेडात धरून बघितला तर त्याच्यावर आधीच्या दाबाची गोल खाच होती आणि त्या खाचेला आडवा छेदून जाणारा केसाएवढा ओरखडा, आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. ऑइलला तेवढी वाट पुरते. हा वॉशर सील करतो तो दबून, मऊ धातू चेपला जातो आणि समोरच्या पृष्ठभागातले बारीक उंचसखल भाग भरून काढतो. एकदा दबला की तांबं कडक होतं, दुसऱ्यांदा तसं चेपत नाही. मग कितीही आवळा, सील होत नाही, उलट बोल्ट आतून पोकळ असतो तो तुटू शकतो किंवा कॅलिपर ॲल्युमिनियमचा असतो त्याचे आटे जातात. काही जण जुना वॉशर लाल होईपर्यंत तापवून गार करतात, त्याने तांबं परत मऊ होतं हे खरं आहे, पण ओरखडा काही जात नाही. एवढ्याशा वस्तूसाठी मी तरी ते करणार नाही.

दोन्ही वॉशर नवीन घेतले, त्याच मापाचे, जाडीसुद्धा तीच. बसवायच्या जागा कापडाने स्वच्छ पुसल्या, टेफ्लॉन टेप किंवा सीलंट अजिबात लावलं नाही, इथे ते लावायचंच नसतं, तुकडा सुटून आत गेला तर वेगळाच ताप. बोल्ट आधी हाताने पूर्ण बसवला, मग टॉर्क पान्याने (किती जोराने आवळतोय ते मोजणारा पाना). बऱ्याच गाड्यांना हा आकडा २० ते ३५ न्यूटन मीटरच्या मध्ये असतो, पण आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. आणखी एक, आवळताना होज बोल्टबरोबर फिरतो, तो एका हाताने जागेवर धरून ठेवावा लागतो, नाहीतर पीळ बसतो. माझ्याकडे चाकाच्या ॲक्सलसाठी मोठा टॉर्क पाना होता, तो इथे उपयोगाचा नाही, रेंजच्या अगदी तळाला त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, लहान रेंजचा वेगळा घ्यावा लागला. तो खर्च पटला मला.

नंतर एअर काढली, होजवर हलके टिचक्या मारत, म्हणजे अडकलेले बुडबुडे वर येतात. मग लिव्हर दाबून रबरबँडने रात्रभर बांधून ठेवला आणि बोल्टभोवती टिश्यू पेपर गुंडाळला. सकाळी टिश्यू कोरडा. ही टेस्ट मला सगळ्यात आवडली, कारण डोळ्याला न दिसणारा पाझर कागदावर लगेच डाग पाडतो.

पॅडचं दुःख झालं. नवेकोरे होते, पण ऑइल त्यांच्यावर गेलं होतं. घासून, तापवून वापरणारे आहेत, पण पॅड ऑइल आत शोषून घेतो आणि ब्रेकच्या बाबतीत मला अर्धवट काही नको होतं, टाकून दिले. डिस्क ब्रेक क्लीनरने साफ केली. कॅलिपरचा रंग मात्र एका जागी फुगून सोलला, तो तसाच आहे. डॉट ४ रंग खातं, सांडलं की नुसतं पुसू नका, भरपूर पाणी ओता.

तुमच्याकडे लिक असेल तर आधी सगळं पुसून कोरडं करा आणि ओल नेमकी कुठून सुरू होते ते बघा. बोल्टपाशी असेल तर वॉशर, एअर काढायच्या निपलपाशी असेल तर निपल नीट बसलेला नाही किंवा आत कचरा आहे (त्याच्या रबरी टोपीत उरलेला थेंब असतो तो वेगळा, एकदा पुसला की परत येत नाही), कॅलिपरमधल्या, पॅड ढकलणाऱ्या पिस्टनच्या बाजूने येत असेल तर सील, लिव्हरच्या मागून येत असेल तर मास्टर सिलिंडरचं (लिव्हर दाबल्यावर ऑइल ढकलणारा पंप) किट, आणि हँडलवरच्या ऑइलच्या डबीच्या झाकणातून असेल तर एकतर जास्त भरलंय किंवा आतलं रबर दुमडून बसलंय. शेवटच्या दोन-तीन गोष्टी स्वतःला जमत नसतील तर जाणत्या माणसाकडेच द्या.

पाचव्या महिन्यात एकदा पोटात गोळा आला होता. पावसातून आल्यावर बोल्ट ओला दिसला. बोटावर घेऊन चोळलं, ब्रेक ऑइल बुळबुळीत लागतं, हे साधं पाणी होतं. तरी आठवडाभर रोज टिश्यू लावून बघितला, कोरडा. डबीच्या काचेवर पातळीपाशी पेनाने रेघ मारून ठेवलीये, ऑइल त्या रेघेच्या किंचित खाली आलंय, पण ते पॅड झिजल्यामुळे, पिस्टन जेवढा बाहेर येतो तेवढं ऑइल त्याच्यामागे जातं. म्हणून पातळी थोडी उतरली की लगेच वरून भरत नाही मी, नाहीतर नवे पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलला की तेच ऑइल डबीतून बाहेर येऊन टाकीवर सांडतं.

लिव्हर आजही पहिल्या दिवशीसारखा कडक आहे. दोन वर्षं झाली की ऑइल बदलायचंच, ते हवेतलं पाणी ओढतं आणि उकळण्याचा बिंदू खाली येतो, डॉट ४ नवीन असताना किमान २३० अंश आणि पाणी मुरल्यावर १५५ अंशांपर्यंत. त्यावेळी बोल्ट खोलायची वेळ आली तर वॉशरची नवी जोडी आत्ताच आणून टूलकिटमध्ये ठेवलीये, आणि गाडी दुसऱ्या कोणाच्या हातात दिली तरी ती जोडी मी आधी त्याच्या हातात देणार.